तिकडचं इंग्रजी

ऑल्डरबी, यॉर्कशायर
२ नोव्हेंबर १९६६

ती. मामांस, हातमोजे काढून जोडलेल्या हातांनी नमस्कार.

दसरा पार पडला असेल. बन्नीमंटपच्या मैदानावरची मशालींची कवायत बघायला आपल्या गच्चीवर यंदा कोण कोण लोटलं ते सविस्तर कळवा. इथे साडेचारलाच काळोख पडतो आणि लोक पडदे ओढून घेतात.

तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीच्या भरवशावर मी इथे आले, पण इथल्या लोकांना ते कुणी शिकवलेलं दिसत नाही. शेजारच्या मिसेस हॉब्सन म्हणाल्या, बुधवारी आमच्याकडे टीला या. चहाच तो, म्हणून आम्ही दोघं घरून आमटीभात जेवून गेलो. तिथे टेबलावर बटाटे, कोबी, चीज, पाव, वर पुडिंग! यांच्याकडे रात्रीच्या जेवणाला टी म्हणतात, दुपारच्या जेवणाला डिनर, आणि चहाला नुसतं 'कपा'. नाही कसं म्हणणार? दुसऱ्यांदा जेवलो. हे रात्रभर येरझाऱ्या घालत होते.

बसचा कंडक्टर मला तिकीट देताना 'थँक यू, लव्ह' म्हणाला. यांचा चेहरा लालबुंद. डॉक्टर असून तिथेच मारामारी करतात की काय असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात त्याच कंडक्टरनं यांनाही 'लव्ह' म्हटलं, तेव्हा कुठे समजूत पटली.

आता मुख्य बातमी. इथल्या शिक्षण कचेरीत मास्तरणीच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. मिस्टर पेम्बर्टन म्हणून मोठे अधिकारी आहेत, फार सज्जन. माझी एम.ए., बी.टी. पाहिली आणि म्हणाले, 'तुमचं इंग्रजी फारच छान आहे हं.' निघताना म्हणाले, 'आम्ही तुम्हाला कळवू.' हे दिवसभर हॉस्पिटलात असतात आणि मी खिडकीशी. मामा, मला शिकवल्याशिवाय राहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या शाळेची माझी बिनपगारी रजा जूनमध्ये संपते. तोवर इथे नोकरी मिळाली तर राहीन, नाहीतर मी जूनला म्हैसूरला परत. यांना तसं सांगून ठेवलं आहे.

तुमची,
वेदा

म्हैसूर
१५ नोव्हेंबर १९६६

चि. वेदास, मामाचे आशीर्वाद, बोटीनं नव्हे, विमानानं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि गल्लीला एकदा वाचून दाखवलं. खुद्द इंग्रजानं, तेही इंग्लंडात बसून, तुझ्या इंग्रजीला छान म्हणावं! तुझी आई गेली तेव्हा तू पाटीवर ए-बी-सी गिरवत होतीस. तिथपासून तुझं इंग्रजी माझ्या हातचं आहे, तेव्हा अर्धं सर्टिफिकेट माझं. दामोदरराव हिनकलच्या वाटेवर घर बांधतायत, तिथपर्यंत चालत जाऊन मी त्यांना ही बातमी सांगितली. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे, त्याला अजून असं कुणी म्हटलेलं नाही. दामोदरराव बराच वेळ सिमेंटबद्दल बोलत राहिले.

मिसेस हॉब्सनबाईंचं काही मनावर घेऊ नकोस. बिचारीचं शिक्षण झालेलं नसणार. सायंकाळच्या भोजनाला टी म्हणणं ही उघड चूक आहे, मी चौथीच्या मुलांनाही ती करू देत नसे. तुला संधी मिळेल तेव्हा त्यांना हळूच सुधार. बाई वयानं मोठ्या असतील, तेव्हा चारचौघांत नको.

कळवू म्हणालेत, तर कळवतील. साहेब शब्दाचे पक्के असतात.

आपल्या हेडमिस्ट्रेस गोदावरीबाई बाजारात भेटल्या. 'मेष्ट्रे, अहो मास्तर, वेदा जूनला येणार अल्वा, होय ना? बदली मास्तरीण आठवीच्या पोरींना आवरत नाही हो.' मी म्हटलं, बघू. तुझी सायकल मी पुसून ठेवली आहे. वापरत नाही म्हणून गंज चढायला नको, एवढंच.

मामा

ऑल्डरबी
४ डिसेंबर १९६६

ती. मामांस, नमस्कार. आज हातमोजे काढले नाहीत, क्षमा असावी.

कचेरीनं कळवलं. तुम्ही म्हणालात तसे शब्दाचे पक्के आहेत. पत्र इतकं गोड आहे की शेवटापर्यंत मला वाटत होतं, नोकरी मिळाली. मला भेटून त्यांना अतिशय आनंद झाला. माझ्या पदव्यांनी ते प्रभावित झाले. मला लवकरच योग्य जागा मिळेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. फक्त ती जागा त्यांच्याकडे नाही. माझा अर्ज ते फायलीत ठेवत आहेत.

मी ते मिसेस हॉब्सनना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि शेगडीकडे बोट केलं. म्हणाल्या, 'टाक त्यात, लव्ह. असलं पत्र आलं की गोष्ट संपली.' मी म्हटलं, पण त्यांनी तर माझ्या इंग्रजीची तारीफ केली होती. त्या म्हणाल्या, 'मी साठ वर्षं इंग्रजी बोलते. मला आजवर कुणी म्हटलं नाही की तुझं इंग्रजी छान आहे. हे बाहेरच्यालाच म्हणतात.'

मामा, यानंतर आणखी दोन शाळांत गेले. दोन्हीकडे माझं इंग्रजी छान निघालं. आता कुणी ते म्हटलं की मी आपली पर्स उचलते.

तेव्हा ही तारीफ कृपा करून आणखी कुणाला वाचून दाखवू नका. आणि मिसेस हॉब्सनना सुधारण्याचं राहू द्या. या गावात मला खरं सांगणारी ती एकच बाई आहे.

वेदा

म्हैसूर
१६ डिसेंबर १९६६

चि. वेदास, आशीर्वाद आणि वर थोडा धीर.

तारीफ वाचून दाखवायला आता कुणी उरलेलं नाही, सगळ्यांना सांगून झालं आहे. पुन्हा कुणा इंग्रजानं तुझ्या इंग्रजीला छान म्हटलं तर हसून म्हण, 'आपलंही काही वाईट नाही.'

पण हॉब्सनबाई फायलीबाबत साफ चुकल्या. अगं वेडे, अर्ज फायलीत ठेवला म्हणजे फाइल उघडली! इथे नुसती फाइल उघडावी म्हणून माणसं नंजनगूडला नवस बोलतात, आणि तुला ती शेगडीत टाक म्हणतात! तलकाडला देवळंच्या देवळं वाळूखाली जातात, तीही उकरून काढून पूजा करतात. तुझी तर साधी फाइल आहे.

मात्र फाइल आपल्या पायांनी चालत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे खरं, पण थांबायचं कुठे? घरी नव्हे. फायलीपाशी. आपल्या गल्लीत दिव्याचा खांब कसा आला आठवतं? मी दर मंगळवारी कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचो. भांडलो नाही, विनवलं नाही, वर्तमानपत्र वाचायचो. शेवटी हेडक्लार्क हात जोडून म्हणाला, 'आय्तु मेष्ट्रे, झाला तुमचा खांब. आता घरी जावा.'

तसंच कर. आठवड्यातला एक वार धर. नीटनेटकी साडी नेस, वेळेवर जा, बस. कुणी विचारलं तर एवढंच म्हण, 'माझ्या फायलीसंबंधी आले आहे.' राग दाखवू नकोस, घाईही नको. समोर बसलेल्या माणसाला कुठल्याही देशातला क्लार्क फार काळ विसरू शकत नाही.

हे सगळं तुझ्या भल्यासाठी लिहितोय. नाहीतर जून आहेच. गोदावरीबाईंनी नवं टाइमटेबल करताना आठवीचं इंग्रजी रिकामं सोडलं आहे.

मामा

ऑल्डरबी
३ फेब्रुवारी १९६७

ती. मामांस, बर्फातून नमस्कार.

मी बसते आहे.

गुरुवार धरला. पहिल्या गुरुवारी गेले तर बाकच नाही! या देशात कचेरीत कुणी वाट बघत बसत नाही, म्हणून बसायची सोयही नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. मिस कार्टराइट नावाची क्लार्क मुलगी आली आणि म्हणाली, 'मी आपली काही मदत करू शकते का?' मी म्हटलं, हो, माझ्या फायलीसंबंधी आले आहे. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मामा, तिनं जे विचारलं ते मदतीसाठी नव्हतं, 'तू इथे काय करतेस' असं होतं. हे मला मिसेस हॉब्सननी नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, किती प्रेमळ मुलगी.

दुसऱ्या गुरुवारी पेम्बर्टनसाहेब स्वतः आले. 'मिसेस राव, एवढ्या बर्फात आपण त्रास घ्यायची खरंच गरज नव्हती.' मी म्हटलं, त्रास कसला, सर. ते म्हणाले, 'आम्ही आपल्याला नक्की कळवलं असतं.' मी म्हटलं, आपण कळवाल याची मला खात्रीच आहे. ते हसले, मी हसले. मग ते तसेच उभे राहिले आणि मीही.

त्यानंतर मला कळून चुकलं की या माणसांना 'निघा' म्हणता येत नाही. त्यांच्याकडे त्यासाठी शब्दच नाही. जे आहेत ते सगळे 'आपली इच्छा असल्यास' असे सुरू होतात, आणि माझी इच्छा तर नसते! आपल्या खांबाचा हेडक्लार्क असता तर पहिल्याच दिवशी 'उठा' म्हणाला असता आणि मी रडत घरी आले असते.

आता मला एक खुर्ची मिळाली आहे. साडेदहाला कपा मिळतो. पेम्बर्टनसाहेब मागच्या दारानं बाहेर जातात म्हणे. यांच्या हॉस्पिटलात ही गोष्ट पोचली आहे, आणि परवा यांचे वरिष्ठ म्हणाले, 'तुमच्या मिसेस फार चिकाटीच्या दिसतात.' हे घरी येऊन म्हणाले, ही तारीफ आहे की काय आहे, मला आता कुठल्याही वाक्याचा भरवसा वाटत नाही. ते रागावले नाहीत, पण त्यांना लाज वाटते हे मला दिसतं. मलाही वाटते. खुर्चीवर बसले की कानशिलं तापतात.

मामा, हे बसायचं थांबवू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

वेदा

म्हैसूर
१४ फेब्रुवारी १९६७

चि. वेदास, आशीर्वाद.

थांबू नकोस. खुर्ची मिळाली म्हणजे घोडं अर्धं गंगेत न्हालं.

असं मी काल लिहिलं होतं. आज पुन्हा वाचलं आणि वाटलं, पोरीला लाज वाटत असेल तर कशाला? इथे तुझी खुर्ची आहेच, तिच्यासाठी कुणाच्या दारात बसायला नको. तुझ्या खोलीला चुना दिला. भिंतीला ओल येत होती. अलीकडची खिडकी नीट लागत नव्हती, तीही सुतार बोलावून बसवून घेतली. तेव्हा हवं तर बसायचं थांबव. नको असेल तर थांबवू नकोस. दोन्ही बरोबर आहे.

तुझ्या पत्रांमुळे इथे मात्र घोटाळा झाला. गल्लीतला दिवा गेला. तिकडे कसं मवाळ लिहितात हे तुझ्याकडून शिकलो होतो, म्हणून वीज कचेरीला तसंच इंग्रजी पत्र टाकलं: आम्हा रहिवाशांची काहीशी गैरसोय होत आहे, सवड झाल्यास पाहावे. साहेबानं समासात शेरा मारला, 'काहीशीच आहे, सवडीनं पाहू.' सगळी गल्ली अंधारात माझ्या नावानं बोटं मोडते आहे. उद्या मंगळवार नाही, तरी जाऊन बसणार आहे.

काय ठरवतेस ते कळव. लवकर कळव.

मामा

ऑल्डरबी
१८ मार्च १९६७

ती. मामा,

मिळाली! मामा, नोकरी मिळाली!

परवा गुरुवारी मी खुर्चीवर होते. एका शाळेचे हेडमास्तर धावत आत आले. त्यांच्या शाळेत जालंधर आणि मीरपूरकडची नवी मुलं आली आहेत, एकालाही इंग्रजी येत नाही, आणि त्यांच्यासाठी नेमलेल्या बाई तीन दिवसांत सोडून गेल्या. हेडमास्तर म्हणाले, मला कुणीतरी आजच्या आज द्या. पेम्बर्टनसाहेबांनी फायली काढायला सांगितल्या. मिस कार्टराइट म्हणाली, 'सर, मिसेस राव इथेच बसल्या आहेत.' सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या फायलीसंबंधी आले आहे.

मी त्याच दुपारी वर्गात गेले. मुलं भेदरलेली, काही रडत होती. मी मोडक्यातोडक्या हिंदीत नावं विचारली, तर एक पोरगी माझ्या पदराला धरून बसली ती घंटा होईतो सुटली नाही. मला पंजाबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण एवढ्या महिन्यांत प्रथमच मला कुठलं इंग्रजी बोलू असा प्रश्न पडला नाही. सुट्टीनंतर एप्रिलपासून जागा कायम.

पेम्बर्टनसाहेब निरोप देताना म्हणाले, 'इतक्या वर्षांत ते पत्र पाठवल्यावर परत आलेल्या तुम्ही पहिल्याच.' मी विचारलं, इतरांचं काय झालं? ते म्हणाले, 'मला कल्पना नाही.' एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मामा, हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही बस म्हणाला नसतात तर मी ते पत्र शेगडीत टाकून जूनमध्ये घरी आले असते. हे इतके खूश आहेत की रात्री स्वतः भांडी घासली. तुमच्याच उपदेशानं इथे माझं बस्तान बसलं, आता तुम्ही इकडे यायचंच.

एक काम करा. शाळेला माझा राजीनामा लिहून द्या. मी लिहायला बसले तर मला कळेना कुठलं इंग्रजी बरोबर. तुमच्यासारखा मसुदा कुणाचा नाही. माझ्या वतीनं सही करा. गोदावरीबाईंना नमस्कार सांगा, त्यांना आता आठवीसाठी दुसरं कुणी बघता येईल.

तुमची आनंदी,
वेदा

म्हैसूर
१२ एप्रिल १९६७

चि. सौ. वेदवतीस, मामाचे आशीर्वाद.

उगादी झाली. कडुलिंब आणि गूळ दोन्ही खाऊन लिहायला बसलो आहे. उत्तराला उशीर झाला, कारण राजीनाम्याचा मसुदा जमत नव्हता. जन्मभर गावाचे अर्ज लिहिले, नोकऱ्यांचे, बदल्यांचे, खांबांचे, पण हा हाताला येईना. एकदा फार लांब झाला, एकदा फारच छोटा.

तुझी बातमी सगळ्यांना सांगितली. दामोदररावांनी या वेळी सिमेंटचं नाव काढलं नाही, माझा हात धरून म्हणाले, 'भाग्यवान हात तुमचा, मेष्ट्रे.' मी हो म्हटलं. पुढच्या घरातल्या सुमित्राबाईंच्या मुलीला सायकल हवी होती, ती देऊन टाकली. वापरात राहिलेली बरी.

तुला खरं सांगायचं तर मी तुला बस म्हणून लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, साहेबांच्या देशात असलं काही चालायचं नाही. दोनचार आठवडे बसेल, कंटाळेल आणि जूनला येईल. मामानं सगळे उपाय सांगितले, आणखी काय करणार, असंही तुला वाटेल. साहेबाला 'निघा' म्हणता येत नाही हे मला कुठे ठाऊक होतं! इतकी वर्षं त्याची भाषा शिकवली, पण हा धडा पुस्तकात नव्हता.

तिकडे यायचं म्हणतेस. माझ्या गुडघ्यांना म्हैसूरची थंडी सोसत नाही, तिथे बर्फात काय करू? पण तुझ्या वर्गाबद्दल लिहीत जा. ती पदर धरणारी पोरगी काय म्हणते ते लिही.

काल शेवटी राजीनामा घेऊन शाळेत गेलो. गोदावरीबाईंनी उभ्या उभ्या वाचला.

'मेष्ट्रे, वेदाला नोकरी लागली म्हणून तुम्ही पेढे वाटले अल्वा? आणि इथे तर लिवलंय, विथ डीप रिग्रेट. एवढं दुःख कुणाला झालंय?'

मी म्हटलं, पद्धत आहे तशी. राजीनाम्यात लिहावंच लागतं.

'हो का, पद्धत,' म्हणाल्या, आणि शिपायाला दोन कॉफी आणायला पाठवलं.

तिकडच्या इंग्रजीत त्या शब्दांना काय वजन आहे, हॉब्सनबाईंना विचारून घे. इकडच्या इंग्रजीत मी जे लिहिलं तेच मला म्हणायचं होतं. तुला आनंद झाला आहे, तुझ्या नावावर खेद टाकायचा मला काही अधिकार नव्हता. पण कागदाखाली सही माझी आहे, वेदा, तेव्हा खेदही माझाच धरावा.

मामा